‘आय सेव्हन मागितला, जुना आय फाईव्ह गळ्यात मारला’ : दुकानाकडून उत्तर

नमस्कार काका,

रिव्ह्यूतला तुमचा एक स्टार बघितला आणि त्याखालचं सगळं दोनदा वाचलं. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. मुलगी बी.कॉम.ला आहे, टॅली शिकतेय, तिच्यासाठी आमच्याकडनं साडेएकवीस हजारांचा कॉम्प्युटर नेला. आय सेव्हन (इंटेलचा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू) मागितला होता, आम्ही आय फाईव्ह दिला. घरी गेल्यावर कळलं की तो कुठल्यातरी ऑफिसात वापरलेला आहे. कॉम्प्युटरच्या डब्याला (कॅबिनेटला) हात लावला की शॉक बसतो. आणि पुण्याच्या भाच्यानं मोबाईलवर चौदा हजारांत आय सेव्हन दाखवला. म्हणून आम्ही ‘शिक्षणाच्या नावावर लुटणारे’.

आधी शॉकचं बोलतो. त्यात जिवाचा प्रश्न आहे, पैशाचं मागनं बघू.

परवा आमचा पोरगा मीटर घेऊन तुमच्या घरी येऊन गेला. तुम्ही शेतात होता, काकूंनी चहा पाजला. कॅबिनेट आणि जमीन यांच्यात १०८ व्होल्ट दिसले. तुमच्या भिंतीवर थ्री पिनचं सॉकेट आहे, पण वरच्या मोठ्या भोकाच्या मागं अर्थिंगची वायरच नाही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये, नवा असो की जुना, फिल्टरचे दोन बारीक कपॅसिटर असतात. त्यांच्यातनं अगदी थोडा करंट पत्र्यावर येतो आणि तो अर्थिंगच्या वायरीतनं जमिनीत जावा अशी त्याची रचनाच आहे. अर्थिंग नसलं की पत्र्यावर जवळपास निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो, मग अनवाणी पायानं हात लावला की झिणझिण्या येतात. लाखाचा नवा कॉम्प्युटर आणून त्या सॉकेटला लावलात तरी हेच होणार. पण ‘झिणझिण्याच आहेत, चालतंय’ असं म्हणून सोडू नका. उद्या आत खरंच वायर सुटून पत्र्याला लागली तर त्या करंटला जायला वाट तुमच्या मुलीच्या अंगातनंच आहे.

वायरमनला बोलवा, परसात खड्डा काढून मीठ-कोळसा घालून रीतसर अर्थिंग करून घ्या. एक गोष्ट हात जोडून सांगतो: काही वायरमन वेळ वाचवायला सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थिंगची पिन जोडून देतात. झिणझिण्या लगेच थांबतात, आपल्याला वाटतं काम झालं. पण कधी न्यूट्रल तुटला तर तोच डबा सरळ २३० व्होल्टचा होतो. तसं करू देऊ नका, आणि नळाच्या पाइपलाही वायर बांधू देऊ नका. तोवर कॉम्प्युटर बंद ठेवा, प्लग काढून.

यात आमची चूक एवढीच, पण ती आहे: विकताना ‘घरात अर्थिंग आहे का’ हे विचारायला पाहिजे होतं. कौलारू घरांतली जुनी वायरिंग आम्ही काय आज बघतोय का? आता डिलिव्हरीला जाणाऱ्या पोराच्या पिशवीत टेस्टर आणि मीटर दोन्ही असतात.

आता ‘जुना’ म्हणालात त्याबद्दल. होय, जुना आहे. ऑफिसांच्या लीजवरनं (भाडेकरारावरनं) सुटलेला ब्रँडेड डेस्कटॉप आहे आणि आमच्याकडं जास्त तोच माल विकला जातो. बिलावर ‘रिफर्बिश्ड’ लिहिलंय, पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. काउंटरवरच्या पोरानं तुम्हाला ‘नव्यासारखाच आहे बघा’ असं सांगितलं, हे मी त्याला विचारून घेतलं. तुम्ही ‘सारखा’ ऐकला नाही, तो ‘जुना’ बोलला नाही. दोष आमचा. आता बिलावर मराठी आणि कन्नड दोन्हीत मोठा शिक्का मारतो: ‘वापरलेले मशिन’.

मात्र जुना म्हणजे टाकाऊ, हे मला मान्य नाही. आतली एसएसडी (माहिती साठवायची, तबकडी नसलेली डिस्क) कोरी आहे, तिला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी आहे. जुनी हार्ड डिस्क आम्ही कुणालाच देत नाही, १ टीबीचा आकडा कितीही मोठा दिसला तरी. फिरणारी तबकडी किती वर्षं फिरलीय कुणास ठाऊक, आणि कॉम्प्युटर रडत चालतो तो बहुतेक वेळा तिच्यामुळंच. विंडोजही चोरीची नाही. अशा ऑफिस मशिनच्या बायोसमध्येच (बोर्डावरच्या चिपमध्येच) कंपनीनं घातलेली विंडोजची ‘की’, म्हणजे परवान्याचा नंबर, असते, इंटरनेटला जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होते.

आणि आय सेव्हन. काका, इथं मी मागं हटणार नाही.

भाच्यानं पाठवलेल्या जाहिरातीचा फोटो तुम्ही रिव्ह्यूला जोडलाय. वर मोठ्या अक्षरात ‘आय सेव्हन, १६ जीबी, १ टीबी’, काचेचा डबा, आत रंगीत दिवे. तळाशी बारीक अक्षरात प्रोसेसरचा नंबर आहे: २६००. चार आकडी नंबरातला पहिला आकडा म्हणजे पिढी. २६०० म्हणजे दुसरी पिढी, २०११ साली आलेली. तुमच्या घरातला आहे ८५००, म्हणजे आठवी पिढी, २०१८ चा. (नंबर पाच आकडी असला, समजा १२४००, तर पहिले दोन आकडे धरायचे.) त्या आय सेव्हनला चार कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग), तुमच्या आय फाईव्हला सहा. तो ९५ वॅटचा, हा ६५ वॅटचा. दहावीतला हुशार पोरगा आणि पीयूसीतला (अकरावी-बारावीतला) मध्यम पोरगा यांना एकच पेपर दिला तर काय होईल, तसलं हे आहे. नुसतं ‘आय सेव्हन’ म्हणजे नुसतं ‘पाटील’. कुठल्या गावचे, कुठल्या घरचे, ते विचारल्याशिवाय काही कळत नाही.

पिढीवर मी एवढा का अडतो? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची अट आहे: टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. दुसऱ्या पिढीवर जुगाड करून ११ चढवतात, चालतीही. पण पुढचे अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही, आणि तुमची मुलगी त्याच मशिनवर बँकेचं नेटबँकिंग उघडणार. निव्वळ टॅलीचं म्हणाल तर ती त्या चौदा हजारांच्या सेटवरही चालली असती, हेही कबूल करतो. टॅली फार मागत नाही. पण बाजूला क्रोमचे दहा टॅब, एक्सेल आणि ऑनलाइन लेक्चर उघडलं की मग फरक कळतो.

साडेएकवीसचा हिशेब विचारलात म्हणून सांगतो. त्यात बावीस इंची मॉनिटर, कोरी एसएसडी, १६ जीबी रॅम, कीबोर्ड-माऊस, १८ टक्के जीएसटी आणि आमची एक वर्षाची वॉरंटी आहे. माझे सुटतात दोन हजारांच्या आसपास. वर्षभरापूर्वी हाच सेट मी यापेक्षा स्वस्त दिला असता. पण २०२५ च्या दिवाळीच्या सुमाराला रॅमचे भाव जे चढले ते चढलेच. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते, कारखाने तिकडं वळले, आणि त्याची झळ बेळगावातल्या काउंटरवर आम्हाला लागते. तुम्ही ८ जीबी घेतली असती तर थोडे वाचले असते. टॅली आणि अभ्यासाला ती पुरलीही असती. हे त्या दिवशी मी दुकानात असतो तर सांगितलं असतं.

एवढ्या पैशात नवा लॅपटॉपही मिळतो, हेही कुणीतरी खाली लिहिलंय. मिळतो. पण त्यात बऱ्याचदा ४ जीबी रॅम बोर्डावरच चिकटवलेली, ६४ जीबी स्टोरेज, अपडेट आला की जागा संपली. तो मी ठेवतच नाही.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर इकडं हवेत किती ओल असते ते तुम्हाला सांगायला नको. कधी चालू करताना बीप बीप वाजून स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका. बहुतेक वेळा रॅम काढून तिच्या पट्टीवर खोडरबर फिरवला आणि परत बसवली की काम होतं. पुण्याहून कुरिअरनं आलेला डबा यासाठी परत कुरिअर करायचा का, एवढंच भाच्याला विचारा. आमच्याकडं चंदगडचं गिऱ्हाईकही एसटीत कॅबिनेट मांडीवर घेऊन येतं, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत घेऊन जातं. मुलीला नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) आणि मराठी फोनेटिक कीबोर्ड दोन्ही टाकून दिलेत, कारण इथं दोन्ही लागतात. चालत नसेल तर सांगा.

एवढं सगळं वाचूनही नको वाटत असेल तर या महिन्याच्या ३० तारखेपर्यंत सेट परत आणा, पूर्ण पैसे देतो, काही कापणार नाही. ठेवायचा असेल तर अर्थिंगचा खर्च निम्मा आमच्याकडं, वायरमनची चिठ्ठी तेवढी आणा. आणि तो एक स्टार काढा असं मी म्हणणार नाही, ‘जुना’ न सांगितल्याबद्दल तो बरोबरच आहे. येताना बिल सापडलं नाही तरी चालेल, आमच्या वहीत नोंद आहे.