नळीखालची ती सळई कशासाठी?

संकटासाठी तयारी करून ठेवणाऱ्या मंडळींत एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा तोच: "एक एके-47 घ्या, हजार काडतुसं घ्या, पेटीत ठेवा आणि विसरा. एकेला साफसफाई लागत नाही, चिखलातून काढली तरी चालते. लागलंच तर डब्ल्यूडी-40 मारा. मॅगझिन भरून ठेवू नका, स्प्रिंग मरते. काडतुसं पाच वर्षांत बदला. 223 आणि 5.56 एकच, नावं वेगळी. बाकी सामानाची घाई नको, रायफल असली की सगळं मिळतं." गेल्या महिन्यात तो मला तिघांनी पाठवला. एकाने तर वर 'तुमच्या कामाचं' असं लिहून.

माझ्या कामाचं आहे, हे खरं. रायफली उघडायच्या, पुसायच्या, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा जोडायच्या, हा माझा सुट्टीच्या दिवशीचा उद्योग. परवाना आणि कायदा ज्याच्या त्याच्या देशाचा, तो पाळलाय असं गृहीत धरतो. पण या मजकुरातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही. काहींत अर्धं सत्य आहे, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

"एकेला साफसफाई लागत नाही."

असं म्हणणाऱ्याला मी सांगतो, रायफल रिकामी आहे याची खात्री कर आणि नळीखाली बघ. तिथे एक पातळ पोलादी सळई खोचलेली असते. ती शोभेची नाही, सफाईची आहे. लाकडी दस्त्याच्या मॉडेलमध्ये दस्ता खांद्याला टेकतो त्या पत्र्यात एक झडप असते. बोट आत दाबलं की स्प्रिंगच्या जोरावर एक डबी बाहेर येते. तिच्यात ब्रश, चिंधी गुंडाळायचं टोक, पिना ठोकायचा पंच. डबीचीच सळईला मूठ होते आणि तिचं झाकण नळीच्या तोंडावर बसतं, म्हणजे सळई कडेला घासत नाही. सोबतची तेलाची कुपी दोन कप्प्यांची: एकात काजळी आणि क्षार काढायचं अल्कधर्मी द्रावण, दुसऱ्यात तेल. 1949 मध्ये सोव्हिएत सैन्याने ही रायफल स्वीकारली. ज्यांनी ती बनवली त्यांना ती साफ करावी लागेल हे इतकं पक्कं माहीत होतं, की जवळजवळ सगळं सामान त्यांनी तिच्या अंगातच कोंबलं.

रायफल चिवट आहे, यात वाद नाही. आतले भाग एकमेकांत सैलसर बसतात, पिस्टन जड आणि लांब पल्ल्याचा, काडतुसाची पुंगळी निमुळती असल्यामुळे सहज सुटते, नळी आणि चेंबरला (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) आतून क्रोमचा मुलामा. म्हणून ती काजळी झेलते. चिखलाचं गणित वेगळं. सेफ्टीची लांब पट्टी वर असते तेव्हा उजवीकडची फट झाकलेली राहते. पट्टी खाली केली की ती फट उघडी पडते आणि ओला चिखल थेट बोल्टच्या, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये ढकलून मागून बंद करणाऱ्या भागाच्या, वाटेत जातो. तिथे एकेसुद्धा अडते.

'हिला सफाई नको' हे कौतुक आणखी एका रायफलच्या वाट्याला आलं होतं. अमेरिकी सैन्याची एम-16 व्हिएतनामला गेली तेव्हा तिची हीच ख्याती सैनिकांच्या कानावर होती, आणि सफाईचं सामान पुरेसं पोचलंच नव्हतं. त्यात काडतुसातली दारू बदलली होती. जिच्यावर रायफलची चाचणी झाली ती बाजूला पडून दुसरी बॉल पावडर आली. तिने काजळी वाढली, गोळीबाराचा वेग वाढला. चेंबरला क्रोम नव्हता, दमट हवेत तो गंजून खरखरीत झाला. पुंगळ्या आत अडकायला लागल्या, आणि सैनिक नळीच्या तोंडातून सळई घालून त्या बाहेर ठोकायचे. लढाई चालू असताना! 1967 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने याची चौकशी केली. मग चेंबरला क्रोम आला, सफाईचं सामान आलं, रायफल कशी सांभाळायची हे सांगणारी चक्क चित्रकथेची पुस्तिका आली. पुढे दस्त्यात सामानाचा कप्पाही आला. म्हणजे फिरून तिथेच, जिथे एके आधीपासून होती.

आता ज्याने माझी स्वतःची खोड मोडली, ते सांगतो. जुन्या लष्करी साठ्यातल्या काडतुसांत बऱ्याचदा क्षारयुक्त प्रायमर (बुडाशी असलेली, ठोका बसला की पेटणारी टोपी) असतो. त्यातलं पोटॅशियम क्लोरेट जळलं की मागे पोटॅशियम क्लोराइड राहतं. हे मिठाचंच भावंड. हवेतलं पाणी ओढतं आणि पोलाद खातं. मी एकदा जुन्या, दर गोळीला हाताने बोल्ट ओढायच्या रायफलमधून अशी वीसेक काडतुसं झाडली, संध्याकाळी नळीतून तेलाच्या दोन चिंध्या फिरवल्या आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात झोपलो. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी घातली ती विटकरी होऊन बाहेर आली. तेल होतं की! पण मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. आधी गरम पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल, हा क्रम. नळीबरोबर बोल्टचं तोंड, आणि गॅसवर चालणारी रायफल असेल तर पिस्टन आणि गॅसची नळीसुद्धा. काही जण काच पुसायचं अमोनियाचं द्रावण वापरतात आणि अमोनियामुळे मीठ मरतं म्हणतात. काम त्यातलं पाणीच करत असतं. क्रोममुळे नळीला थोडी सवलत मिळते, बाकीच्या भागांना नाही.

उलट टोकाचेही लोक असतात, हेही सांगितलं पाहिजे. चिंधी दुधासारखी पांढरी निघेपर्यंत घासणारे. तुकड्यातुकड्यांची, वाकणारी सळई पुढून घालून रोज घासली तर नळीच्या तोंडाची कड झिजते, आणि गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श त्याच कडेला करते. नेमबाजी बिघडते ती अशी. जमेल तिथे मागून, चेंबरच्या बाजूने सळई घालावी, गाईड लावून.

"लागलंच तर डब्ल्यूडी-40 मारा."

डब्ल्यूडी-40 हा फवाऱ्याच्या डब्यातला द्रव, आणि नावातच उत्तर आहे. 'वॉटर डिस्प्लेसमेंट', चाळिसावा प्रयत्न. 1953 मध्ये सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत तयार झालं, ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून वापरलं गेलं. पाणी हटवायला ते उत्तम आहे. रायफल पावसात भिजून आली तर मीही आधी तेच मारतो. पण त्यातला बराचसा द्रव उडून जातो, मागे उरतो तो पातळ पापुद्रा. गरम बोल्टवर तो किती टिकणार? म्हणून पाणी हटलं की पुसून काढायचं आणि घासणाऱ्या जागांवर खरं तेल द्यायचं. कुठे द्यायचं हे रायफल स्वतः दाखवते: जिथे रंग उडून धातू चकाकतो, तिथे. चेंबर आणि नळी मात्र झाडण्याआधी कोरड्या चिंधीने पुसायची. आणि काडतुसांना तेलाचा हात लावायचाच नाही.

"मॅगझिन भरून ठेवू नका, स्प्रिंग मरते."

चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवली तर तिचं फारसं बिघडत नाही. थकते ती सतत दाब-सोड करून. म्हणजे 'स्प्रिंगला आराम' म्हणून दर आठवड्याला मॅगझिन रिकामी करून पुन्हा भरणारा माणूसच तिला जास्त राबवतो. लक्ष ठेवायचं ते मॅगझिनच्या वरच्या ओठांवर, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या कडांवर. मॅगझिन पडली की ते फाकतात, आणि मग काडतूस तिरकं चढतं. प्रत्येक मॅगझिनवर नंबर घाला, जी दोनदा अडली ती बाजूला. विषय संपला.

"काडतुसं पाच वर्षांत बदला."

कुणी विकणाऱ्याने लिहिलंय की काय, असं वाटतं. कोरड्या, थंड जागी, रबरी गॅस्केटच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली काडतुसं कित्येक दशकं चालतात. दुसऱ्या महायुद्धातली आजही चालतात. त्यांना मारतं ते ऊन, दमटपणा आणि तापमानाचा सततचा चढउतार. गाडीत आणि पोटमाळ्यावर ठेवली तर पाच वर्षंही भरवशाची नाहीत. तारखेपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा: पितळेवर हिरवी कीट, पोचा, सैल गोळी दिसली की ते काडतूस बाद. आणि एक सवय मोडा. तेच काडतूस रोज चेंबरमध्ये चढवायचं, काढायचं, पुन्हा चढवायचं. दर वेळी गोळी थोडी आत दबू शकते आणि दाब वाढतो. एम-16 च्या जातीच्या रायफलींत फायरिंग पिन (प्रायमरवर ठोका देणारी सुई) मोकळी असते, तिचा बारीक ठिपका प्रायमरवर दर वेळी उमटतो. भिंग लावून बघा, दिसेल.

"223 आणि 5.56 एकच."

ही काडतुसांच्या दोन मापांची नावं. बाहेरून एकच. चेंबर वेगळे. 5.56 च्या चेंबरमध्ये गोळीपासून नळीच्या आट्यांपर्यंतची (आतल्या सर्पिल खाचांपर्यंतची) मोकळी जागा जास्त असते. 5.56 चं काडतूस 223 च्या आखूड चेंबरमध्ये झाडलं तर दाब वाढतो. उलटं, म्हणजे 223 चं काडतूस 5.56 च्या चेंबरमध्ये, चालतं. दोन्हींच्या दाबाचे छापील आकडे शेजारी ठेवून 'बघा, जवळपास सारखेच' म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की ते वेगळ्या जागी मोजलेले असतात. काडतुसाच्या खोक्यावर नव्हे, नळीवर काय कोरलंय ते वाचा. 300 ब्लॅकआउट या जाड गोळीच्या मापाचं काडतूस तर 223 च्या चेंबरमध्ये बसूही शकतं, आणि झाडलं तर रायफल फुटते. दोन्ही जवळ असतील तर मॅगझिनला वेगळ्या रंगाची पट्टी हवीच. 'सेव्हन सिक्स्टी-टू' एवढं म्हणून खरेदीला निघालेल्याला मी परत पाठवतो: 7.62 ही गोळीची जाडी, पण पुंगळीची लांबी किती मिलिमीटर, 39, 51 की 54? तिन्ही काडतुसं एकमेकांत बदलत नाहीत.

"रायफल असली की बाकी सगळं मिळतं."

हे वाक्य मला सगळ्यांत खटकतं. 'मिळतं' म्हणजे कसं, हे लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही, आणि मला ते ऐकायचंही नाही. नुसतं वजन बघू. एकेचं एक काडतूस साधारण 16 ग्रॅमचं, म्हणजे हजार काडतुसं 16 किलो. तेवढ्याच वजनाचं पाणी 16 लिटर. आपत्तीसाठी माणशी रोज चारेक लिटर धरतात, म्हणजे एका माणसाचे चार दिवस. ज्या घरात हजार काडतुसं आहेत आणि चार दिवसांचं पाणी नाही, तिथे तयारी नाही, छंद आहे. छंद असायला माझी हरकत नाही, माझाही आहे. फक्त त्याला छंद म्हणा.

पाण्यानंतर कान. रायफलचा बार साधारण 160 डेसिबलच्या आसपास जातो आणि 140 च्या वर एकच आवाज कायमची इजा करू शकतो. फोमचे प्लग आणि वर मफ, दोन्ही घालतो मी. मग टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा. हे नुसतं विकत घेऊन भागत नाही. नकली मालाची पट्टा आवळायची काडी पिळताना मोडते, तेव्हा खात्रीच्या ठिकाणचंच घ्यावं. जखमेच्या वर पाच-सात सेंटिमीटरवर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचं आणि वेळ लिहून ठेवायची. सरावाचं वेगळं ठेवा, कारण वापरून पट्टा सैल पडतो. एका हाताने स्वतःच्या दंडाला बांधून बघा. पहिल्यांदा मला दीड मिनिट लागलं आणि घाम फुटला. हातमोजे आणि साबणही यादीत धरा. प्रायमरमध्ये शिसं असतं, सफाईची काळी चिंधी म्हणजे शिशाची चिंधी. जेवायच्या टेबलावर ते काम नको.

आणि सुटे भाग. रायफल अडते ती बहुधा दोन बोटांत मावणाऱ्या वस्तूमुळे: एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा), त्याची स्प्रिंग, फायरिंग पिन, गॅस रिंगा (बोल्टवरची गॅस अडवणारी कडी). एम-16 जातीच्या रायफलच्या रिंगा तपासायला हत्यार लागत नाही. कॅरियर (बोल्ट ज्यात बसतो तो भाग) बाहेर काढा, बोल्ट पुढे ओढा आणि सगळं बोल्टच्या तोंडावर टेबलावर उभं करा. कॅरियर तसाच उभा राहिला तर रिंगा ठीक. स्वतःच्या वजनाने खाली बसला तर बदला. माझ्या डब्यात या सगळ्यांची एकेक जोडी आहे, आणि एक वही. वहीत कितव्या गोळीला काय बदललं ते लिहिलेलं.

त्याच डब्यात एक मोठी पारदर्शक पिशवीही आहे. रायफल उघडायच्या टेकडाउन पिनच्या मागे तांदळापेक्षा थोडी मोठी डिटेंट (पिन जागेवर धरणारी खुंटी) आणि केसासारख्या तारेची स्प्रिंग असते. ती सुटी करताना पिशवीत दोन्ही हात घालूनच करायचं, हे मला एका स्प्रिंगने शिकवलं. ती छताला लागल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. त्यानंतर खोलीतलं कपाट दोनदा हलवून झालंय.