सहीवर सही, तिच्यावर शिक्का

कंपनी काढणं आता फार सोपं झालंय. फॉर्म भरा, फी भरा, नोंदणीचं प्रमाणपत्र ईमेलवर हजर. खरी कसोटी लागते ती ही कंपनी खरोखर आहे, असं परदेशातल्या बँकेला पटवताना.

पहिला अडसर ते ईमेलवरचं प्रमाणपत्रच. त्यावरची सही डिजिटल. आपण ते जाड, गुळगुळीत कागदावर छापतो आणि अपॉस्टिल, म्हणजे कागदावरची सही खरी असल्याचं परदेशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र, देणाऱ्या कार्यालयात नेतो. तिथे अधिकाऱ्यांच्या सह्यांचे आणि शिक्क्यांचे नमुने ठेवलेले असतात. छापील डिजिटल सही कशाशी ताडून बघणार? कागद परत. मग एक तर रजिस्ट्रारकडून शाईच्या सहीची प्रमाणित प्रत मागवायची, नाही तर नोटरीकडून प्रत साक्षांकित करून घ्यायची. नोटरीचा मार्ग धरला तर अपॉस्टिल नोटरीच्या सहीचं मिळतं, रजिस्ट्रारच्या सहीचं नव्हे. समोरच्या बँकेला यातलं कुठलं चालतं, ते आधी लेखी विचारून घ्यावं. तोंडी होकार देणारा माणूस कागद पोचेपर्यंत हमखास रजेवर जातो. रजिस्ट्रारकडे सही करणारा अधिकारी नवा असेल आणि त्याचा नमुना पोचलेला नसेल, तर त्याची अस्सल सहीही अडकते.

अपॉस्टिल म्हणजे किमान 9 सेंटिमीटर बाजूचा एक चौकोन, त्यात क्रमांक घातलेल्या 10 बाबी आणि वर फ्रेंचमधलं शीर्षक. हे सगळं 5 ऑक्टोबर 1961च्या हेग करारात ठरलं. परदेशी कागदपत्रांवरची शिक्क्यांची लांबलचक साखळी रद्द करणं, हाच त्या कराराचा जाहीर हेतू. म्हणजे आपण आज जे भोगतो, ती सुटसुटीत आवृत्ती! जे देश करारात नाहीत त्यांच्यासाठी मूळ आवृत्ती अजून चालू आहे: नोटरी, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाची वकिलात आणि कित्येकदा तिकडे पोचल्यावर तिथलंही मंत्रालय. संयुक्त अरब अमिराती आणि कतार हे या पंथातले. चीनमध्ये करार 7 नोव्हेंबर 2023 रोजी लागू झाला, कॅनडात 11 जानेवारी 2024 रोजी. पण एजंटांच्या जुन्या याद्या अजूनही लोकांना त्यांच्या वकिलातींत पाठवत असतात. आणखी एक मेख आहे. नव्याने आलेल्या सदस्यावर जुना सदस्य हरकत घेऊ शकतो. तशी हरकत असली तर दोन्ही देश करारात असूनही त्या दोघांपुरता करार लागू नसतो. म्हणून सदस्यांच्या यादीत नाव दिसलं की लगेच हुरळून जाऊ नये, खालच्या टिपाही वाचाव्यात.

आता यातला मला सर्वांत आवडणारा भाग. अपॉस्टिल फक्त तीन गोष्टींची हमी देतं: सही कोणाची, त्याने ती कोणत्या अधिकारात केली आणि शिक्का खरा आहे का. कंपनी छत्र्या विकते की क्षेपणास्त्रं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ओळखपरेडीतल्या साक्षीदारासारखं ते माणूस ओळखतं आणि घरी जातं.

हा सगळा डोलारा अखेर एका फितीवर किंवा पिनेवर उभा असतो. नोटरी पानं एकत्र बांधून सांध्यावर शिक्का मारतो. आणि कुणीतरी मदतनीस, अत्यंत शुद्ध हेतूने, स्कॅन नीट यावं म्हणून ती पिन काढतो. झालं! आता मधलं पान बदललं नाही याची खात्री कोणी द्यायची? परत लावलेल्या पिनेची भोकं कारकुनाला बरोबर दिसतात, भले त्याला समोरची रांग दिसत नसो. पानं दुमडूनच स्कॅन करावीत आणि मूळ संच दोन-तीन करून घ्यावेत, कारण बँक, तिकडचं नोंदणी कार्यालय आणि कर खातं यांपैकी प्रत्येकाला मूळ संचच हवा असतो.

भाषांतर आधी की अपॉस्टिल आधी, यावर भांडणारे दोन पक्ष आहेत आणि दोन्ही बरोबर असतात. आधी भाषांतर केलं तर अपॉस्टिल भाषांतराविना राहतं आणि तिकडचा अधिकारी नेमकं तेच वाचायला मागतो. शिवाय भाषांतरकार इकडचा असेल तर बऱ्याच ठिकाणी त्याच्या सहीलाही नोटरी आणि वेगळं अपॉस्टिल लागतं. शक्य असेल तिथे अपॉस्टिल आधी घ्यावं आणि पोचत्या देशातल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून सगळं एकदम करून घ्यावं.

क्रम मात्र चुकवू नये. अपॉस्टिलला करारात मुदत नाही, पण खालचा कागद शिळा होतो. कंपनी चालू असल्याचं प्रमाणपत्र बँका बहुधा तीन महिन्यांच्या आतलं मागतात, म्हणून ते सर्वांत शेवटी काढावं. कुलमुखत्यारपत्रावर सह्या करणारे संचालक वेगवेगळ्या देशांत असतील तर मात्र त्या कामाला आधी लागावं: प्रत्येकाचा नोटरी वेगळा, अपॉस्टिल वेगळं आणि सुट्ट्याही वेगळ्या.

एवढं जुळून येईपर्यंत एखादा संचालक राजीनामा देतो. मग संचालकांची यादी चुकीची ठरते, तिच्यावरचं अपॉस्टिल मात्र शंभर टक्के बरोबर असतं. बँक अर्थातच नवी यादी मागते, तीही अपॉस्टिलसकट.