"डबे खाली ठेव" म्हणे!

आज पावसाची सुट्टी. सुट्टी कसली, सकाळीच ऑनलाइन वर्गाची लिंक आली! साडेचार वर्षांच्या माझ्या भाचीची शाळा मॉन्टेसरी पद्धतीची, मुलांनी स्वतःच्या हाताने करून शिकायचं अशी; म्हणजे तसं फलकावर तरी लिहिलंय. बाईंनी कॅमेऱ्यासमोर गुलाबी मनोरा रचला आणि मुलांनी तो नुसता बघायचा. १० ठोकळे, धाकटा १ सेंटिमीटरचा, थोरला १० चा. एक चिमटीत मावतो, दुसऱ्याला दोन्ही हात लागतात. लहान-मोठं हाताला कळावं म्हणून तर ते ठोकळे! पडद्यावर त्यातलं काय उरलं?

आमची पोर उठली, स्वयंपाकघरातून स्टीलचे डबे आणले आणि उतरंड रचू लागली. कोसळली की पुन्हा रचायची. तेवढ्यात पलीकडून, "बेटा, डबे खाली ठेव, स्क्रीनकडे बघ."

अहो, ती तेच तर करत होती!

बाईंवर राग नाही. त्यांच्याही घरात मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, बिचाऱ्या वरून आलेला हुकूम पाळत होत्या. राग आहे तो भरमसाट फी घेऊन असले हुकूम काढणाऱ्यांवर.

आणि हे महाराष्ट्रात? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा काढली. मॉन्टेसरीचं महागडं साहित्य नको, खडे, शिंपले, बिया, पानं घ्या. साधनं बदलली, पण मुलांचे हात रिकामे ठेवले नाहीत.

घरच्या वर्गाला याहून वेगळं काय हवंय? आदल्या रात्री पालकांना निरोप द्या: उद्या डबे रचू द्या, राजमा-चवळी निवडू द्या, तांब्यातून पेल्यात पाणी ओतू द्या, सांडलं तर फडकं हातात द्या. मग बाईंनी फोनवर दहा मिनिटं मुलाशी गप्पा माराव्यात. बास.

मान्य, दोघं नोकरीला असली की पाणी सांडलेलं परवडत नाही. वहिनीलाही आज तो अर्धा तास हवाच होता. मग खुशाल कार्टून लावा, त्याला मॉन्टेसरी कशाला म्हणता?

तिने डबे ठेवले हो खाली. एरवी कुणाचं ऐकेल तर शपथ, पण बाईंनी सांगितलं म्हणून निमूट ठेवले आणि हाताची घडी घालून बसली. तेच डोक्यातून जात नाहीये माझ्या.

उद्याही पाऊस सांगितलाय. वहिनीच्या फोनवरून शाळेच्या ग्रुपवर विचारलंय, "मुलांना हाताने करायला काय देणार?" तुमचीही मुलं अशा शाळेत असतील तर आज रात्रीच विचारा. उत्तर आलं की इथे टाकते.