तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक

‘ऐन हंगामात क्वार्टरबॅक बदलला की वर्ष वायाच गेलं’ हे अमेरिकन फुटबॉलवरच्या लेखातलं विधान काही पटलं नाही. (क्वार्टरबॅक म्हणजे पास फेकणारा, संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू.) मग ओहायो स्टेट या विद्यापीठाच्या संघाचं २०१४ काय होतं? पहिल्या नंबरच्या ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा हंगामाआधीच गेला, दुसऱ्या नंबरच्या जे. टी. बॅरेटचा घोटा मिशिगनविरुद्ध मोडला. उरला कार्डेल जोन्स. कोच अर्बन मायरने त्याला बॅरेटसारखंच खेळवायचा अट्टहास धरला नाही. पोराच्या हातात ताकद, म्हणून पास झेलणाऱ्या डेव्हिन स्मिथकडे लांबच लांब पास. बाकी भार चेंडू घेऊन धावणाऱ्या इझिकिएल एलियटच्या पायांवर. विस्कॉन्सिनला थेट ५९-०! पुढे अलाबामा, ऑरेगन दोघंही गारद आणि राष्ट्रीय विजेतेपद खिशात. आता एलियटसारखा गडी सगळ्याच कोचना कुठून मिळणार म्हणा, पण आखणी बदलायला तर कोणी अडवलेलं नसतं ना?