‘मराठवाड्यातल्या माणसाला स्वस्त तेच चांगलं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया वाचली. लॅपटॉप घेताना जास्तीचे पैसे रॅम (चालू कामाची मेमरी) आणि एसएसडीवर (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान साठवण) घाला, आय-७ या इंटेलच्या महागड्या प्रोसेसरच्या मागे लागू नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर आपण आय-७, नंतर न वाढणारी रॅम, ग्राफिक्स कार्ड, ओएलईडी स्क्रीन असे तीन-चार मुद्दे काढलेत, पण सुरुवातच अशी : ‘मराठवाड्यातल्या माणसाला स्वस्त तेच चांगलं वाटतं, म्हणून हा सल्ला.’

आधी याचंच बोलू. स्वस्त आहे म्हणून घ्या, असं माझ्या लेखात कुठं आहे? चार ओळी लिहिताना अख्ख्या आठ जिल्ह्यांना चिक्कू ठरवायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

मी लातूरला दुरुस्तीच्या दुकानात काम केलंय. सोयाबीनची पट्टी हातात पडली की आडतीवरून थेट पोराला घेऊन लॅपटॉप घ्यायला जाणारे बाप मी बघितलेत. ते पैशाला मागंपुढं बघत नाहीत. असेच एक काका आय-७ चं स्टिकर बघून घेतलेलं मशीन वर्षाच्या आत आमच्या टेबलावर घेऊन आले. आत ४ जीबी रॅम आणि ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेरे घेणारी) संथ हार्ड डिस्क. टास्क मॅनेजर (मशीनचा कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारी खिडकी) उघडला तर डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली आणि प्रोसेसर नुसता बसून. आम्ही हार्ड डिस्क काढून त्याच जोडणीची (साटा) एसएसडी टाकली, रॅम ८ जीबी केली. प्रोसेसर तोच, पण मशीन पळायला लागलं. विकणाऱ्यानं त्या माणसाला फसवलं, आणि तुम्ही त्यालाच कंजूष म्हणताय. हे मला लागलं, स्पष्ट सांगतो.

आता तुमचा तो आय-७. इंटेलचे आय-५ १२३५यू आणि आय-७ १२५५यू शेजारी ठेवा. दोन्हींत १० कोर (काम करणारे भाग), १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), १२ एमबी कॅश (प्रोसेसरमधली छोटी मेमरी), मूळ पॉवर १५ वॉट. कमाल वेग ४.४ आणि ४.७ गिगाहर्ट्झ. तोही थोड्या वेळापुरता. पातळ बॉडीत प्रोसेसर तापला की वेग आपोआप खाली येतो. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत तर बोलायलाच नको. त्या फरकासाठी पोराच्या बापानं हजारो रुपये का मोजावेत?

एक मान्य. बऱ्याच पातळ मॉडेलमध्ये एलपीडीडीआर (कमी वीज खाणारी) रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की बसवलेली असते, नंतर वाढत नाही, हे तुमचं बरोबर आहे. तिथं घेतानाच १६ जीबी घ्यावी. म्हणजे पैसे रॅमवरच घाला, हेच झालं की.

ग्राफिक्स कार्ड (चित्र-व्हिडिओचं काम करणारी वेगळी चिप) आणि ओएलईडी स्क्रीनचं (जास्त चांगल्या रंगांची स्क्रीन) ज्याला व्हिडिओ एडिटिंग करायचंय त्यानं बघावं. टॅलीवर (हिशेबाचं सॉफ्टवेअर) काम करणाऱ्यासाठी आणि ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्यासाठी मी लिहिलं होतं, तसं पहिल्याच परिच्छेदात आहे. वाचलं असतं तर दिसलं असतं.

पुढच्या वेळी मॉडेल नंबर आणि काम काय ते लिहा, नक्की उत्तर देईन. जिल्ह्याचा उल्लेख त्यात नसला तरी चालेल.