वांग सात दिवसांत जात नाहीत

आमच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज गेल्या महिन्यात तीनदा फिरला. 'लिंबाचा रस आणि खायचा सोडा रोज रात्री चोळा, सात दिवसांत वांग गायब. नाही गेले तर मेडिकलमधून गोरं करणारी ट्यूब आणा. घरातच असणाऱ्या बाईला सनस्क्रीन लागत नाही.' यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि ट्यूबचं वाक्य तर धोक्याचं आहे.

आधी लिंबू-सोडा. लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणा मोजायचं माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) २ च्या आसपास, सोड्याचा ८ च्या वर, आपल्या त्वचेचा साधारण ५. दोन्ही एकत्र केले की फसफसून एकमेकांना मारतात आणि जे जास्त पडलं असेल ते त्वचेला झोंबतं. गव्हाळ-सावळी त्वचा अशी चिडली की बरी होताना तिथे आणखी काळी पडते. त्यात लिंबू लागलेल्या जागी ऊन पडलं तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात.

आता ती ट्यूब. तिच्यात बहुतेक वेळा रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, त्वचेची वरची पेशी लवकर बदलणारं ट्रेटिनॉइन आणि दाह कमी करणारं स्टेरॉइड असं त्रिकूट असतं. औषध खोटं नाही. वांगासाठी असं मिश्रण १९७५ पासून माहीत आहे आणि त्वचारोगतज्ज्ञ ते काही आठवड्यांसाठी, लक्ष ठेवून देतात. माझ्या नणंदेने ते दीड वर्ष लावलं. पहिल्या महिन्यात चेहरा असा उजळला की जो तो विचारायचा, मग सोडवेना. पुढे गालांवर लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली, पुटकुळ्या आल्या. लावणं थांबवलं की आग व्हायची, म्हणून परत लावायची. वांग होते तिथेच होते. दुकानदाराने एकदाही डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, ती अशाच चेहऱ्यांमुळे. बिनलेबलची क्रीम तर हातातही धरू नका. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराचे जे रुग्ण समोर आले, त्यांचा धागा गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत पोचला.

आणि 'घरात सनस्क्रीन कशाला?' खिडकीच्या काचेतून उन्हातले यूव्हीए (अतिनील) किरण आत येतात, आणि वांग साध्या उजेडानेही गडद होतात. म्हणून साधा उजेडही अडवणारं आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन वांगासाठी जास्त उपयोगी. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरतील एवढं, आणि दिवसातून पुन्हा लावायचं. हे केलं नाही तर औषधांवरचा सगळा खर्च वाया.

मेसेजमध्ये एक प्रश्न कुठेच नाही: हे वांगच आहेत का? मानेवरची मखमली काळी वळी बहुधा शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण असते. कपाळ-कानशिलावरचा राखाडी पट्टा केसांच्या डायमुळेही येतो. वांग असतील तरी गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या हे डॉक्टरांना सांगावंच लागतं. गरोदर बाईला ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन देत नाहीत. ॲझेलेइक ॲसिडचं मलम चालतं. वांगासाठी पोटातून देतात त्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या रक्ताच्या गुठळीचा धोका असलेल्या बाईला चालत नाहीत.

नणंद आता आठ महिने नुसतं सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेलं साधं मलम लावते. वांग फिके झालेत. गालांवरच्या शिरा अजून आहेत.