तुमचं पेमेंट तुमच्या आत अडकलंय

नाशिकमध्ये सध्या मिसळीखालोखाल जोरात काय चाललं असेल तर कोच. लाइफ कोच, बिझनेस कोच, माइंडसेट कोच, पॅरेंटिंग कोच. परवा गंगापूर रोडला एका गृहस्थांनी कार्ड दिलं, त्यावर 'हॅपिनेस आर्किटेक्ट' असं छापलेलं. मी विचारलं, प्लॅन पास कोण करतं, महापालिका? त्यांना हसू आलं नाही. हॅपिनेसवाल्यांना सहसा येत नाही.

एवढ्या गर्दीतून आपल्याला साजेसा कोच निवडायचा म्हणजे जोखमीचं काम. अंबड एमआयडीसीत माझं टर्निंगचं, म्हणजे लोखंडाचे पार्ट कातायचं, छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी मशिनं, एक व्हीएमसी मशिन, नऊ माणसं. नुकतेच १,४७,५०० रुपये मोजून मी या विषयातला जाणकार झालोय, तेव्हा चार गोष्टी सांगतो.

कोच शोधायचा तो मुंबई नाक्याजवळच्या एखाद्या हॉटेलात, रविवारी सकाळी, ९९ रुपयांच्या सेमिनारमध्येच. ९९ रुपयांत तीन तास एसी, चहा, दोन बिस्किटं आणि शेजारच्या खुर्चीवर असा एक माणूस, जो मध्येच उठतो, डोळे पुसतो आणि सांगतो की सरांमुळे माझा टर्नओव्हर चौपट झाला. त्याचा धंदा कसला ते विचारू नका. मी विचारलं. तोही कोच आहे.

सर्टिफिकेट बघावं का? बघावं की, फ्रेम चांगली असते. आयसीएफ नावाची कोचांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, १९९५ पासूनची. तिची सगळ्यात खालची पायरी, एसीसी, मिळवायला निदान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचं प्रत्यक्ष कोचिंग दाखवावं लागतं. सगळ्यात वरच्या एमसीसीला २,५०० तास. आमच्या सरांचं तीन दिवसांत झालं, इगतपुरीच्या एका रिसॉर्टवर, नाश्त्यासकट. हुशार माणसाला वेळ लागत नाही.

गाडी बघा. कोणाची आहे ते बघू नका.

पैसे त्याच दिवशी, दुपारी चारच्या आत भरा, कारण चार वाजता ऑफर संपते. ती पुढच्या रविवारी सकाळी दहाला पुन्हा सुरू होते, पण तो तुमचा प्रश्न नाही. नगद नसेल तर सरांची पोरं टॅब घेऊन उभीच असतात. आधार, पॅन, एक सेल्फी, की झालं नो कॉस्ट ईएमआय. यातली गंमत मला नंतर कळली. फायनान्स कंपनी सरांना पैसे तेव्हाच मोकळे करते आणि कर्ज राहतं तुमच्या नावावर. तिसऱ्या महिन्यात तुम्ही सेशनला जायचं बंद केलं तरी ५ तारखेला १२,२९२ रुपये जातातच. हप्ता चुकवला की सिबिल खराब. सर मात्र तेव्हा दुसऱ्या बॅचला 'रिस्क घ्या' म्हणून सांगत असतात.

भीती घालवण्यासाठी निखाऱ्यांवरून चालायचं सेशन असतं, त्याचे वेगळे ७,५००. नाशिककराने यात पडू नये असं माझं नम्र मत. रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात, धप्पा मारा, भीती तिथेच जाते. वर रंग फुकट.

आता मुख्य मुद्दा. कोच असा निवडा, जो तुमच्या कुठल्याही अडचणीचं मूळ तुमच्यातच शोधून दाखवेल.

माझी अडचण साधी होती. एका मोठ्या कंपनीकडे माझे ११ लाख ४० हजार अडकले होते, १३० दिवस. मटेरियल गेलं, पोचलं, त्यांच्या गाड्यांना लागलंही, पैसे नाहीत. इकडे बँकेची सीसी लिमिट, म्हणजे धंद्याची उचल, तोंडापर्यंत. हे मी सरांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "पेमेंट नाही अडकलेलं. तुम्ही अडकलाय. लहानपणी घरात पैशावरून भांडणं व्हायची का?"

व्हायची. कोणाच्या घरात नाही होत?

"तोच ब्लॉक आहे." मग गृहपाठ. रोज सकाळी आरशासमोर २१ वेळा म्हणायचं, पैसा माझ्याकडे सहज वाहत येतो. मी म्हटलं. ५२ वर्षांचा माणूस, बाथरूमचं दार लावून, दाढीचा फेस तोंडाला. बायकोने बाहेरून विचारलं, कोणाशी बोलताय? काय सांगणार? २१ दिवसांनी पैसा आला नाही. त्याच कंपनीची रिजेक्शनची डेबिट नोट आली, म्हणजे माल नापास म्हणून पैसे कापले, ४३ हजार. ग्रुपवर टाकलं तर सरांचं उत्तर, 'अभिनंदन, निगेटिव्हिटी बाहेर पडतेय.' खाली ३१ टाळ्या.

शेवटी आमच्या अकाउंटंटने एमआयडीसीतल्या टपरीवर उभ्या उभ्या दहा मिनिटांत सांगितलं. शेठ, उद्यम नोंदणी आहे ना? मग छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्याने ४५ दिवसांच्या वर पेमेंट थांबवता येत नाही, करार काहीही असो. थांबवलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. सरकारच्या पोर्टलवर तक्रार टाकता येते. वर प्राप्तिकरात त्यांना ती थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्चात धरता येत नाही, म्हणून मार्च जवळ आला की त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना हे पत्राने नीट आठवण करून द्यायचं. फी? एक कटिंग. तीही त्यानेच पाजली.

तक्रार टाकली की पुढची ऑर्डर बंद, हे अंबड-सातपूरला कोणाला सांगायला नको. पण खरी अडचण तीच तर होती! तिथे कोणीतरी समोर बसून विचारायला हवं होतं, या एका गिऱ्हाइकावर तुमचा किती धंदा आहे? ते गेलं तर किती महिने निघतील? दुसरं शोधायला आजवर काय केलंत? एवढे तीन प्रश्न कोणी विचारले असते तर मी १,४७,५०० हसत दिले असते. चांगला कोच हेच करतो म्हणतात, प्रश्न विचारतो आणि जे आपलं काम नाही ते नाही म्हणून सांगतो. आमच्या सरांना बॅलन्सशीट दाखवली तेव्हा त्यांनी ती उलटी धरली होती.

आमच्या बॅचमध्ये एक बाई होत्या. नवरा जाऊन सहा महिने झालेले, रात्र रात्र झोप नाही, जेवण जात नाही. सर चाळीस जणांसमोर माइकवर त्यांना म्हणाले, "मॅडम, तुम्ही व्हिक्टिम मोडमध्ये आहात." त्या खाली बसल्या आणि पदराने तोंड झाकून घेतलं. आणि आम्ही, मी धरून, टाळ्या वाजवल्या. कारण टाळी वाजवायची खूण झाली होती.

घरात वायरिंग करायला परवाना लागतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला पुनर्वास परिषदेकडे नोंद करावी लागते. कोच व्हायला या देशात काही म्हणजे काही लागत नाही, एक माइक सोडून. तुमच्याकडे माइक आहे म्हणून एका विधवा बाईच्या दुःखाला नाव ठेवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. एवढंही कळत नसेल तर माणसांना हात लावू नका. आणि आपण? रुपयाच्या बोल्टला तीनदा व्हर्निअर लावणारी माणसं आपण, आणि दीड लाख देताना एकानेही विचारलं नाही की साहेब, कोच होण्याआधी तुम्ही काय करत होता? मी नंतर विचारलं. याआधी ते प्लॉट विकायचे.

बिल मागितलं तेव्हा मला 'स्केअर्सिटी माइंडसेट' आहे असं कळलं. असेल. पण सर, सव्वा लाखावर १८ टक्के जीएसटी तुम्ही माझ्याकडून घेतलाय आणि चार महिने झाले, तो माझ्या टू-बीमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या माझ्या क्रेडिटच्या यादीत, दिसत नाहीये. लेव्हल टूचा मेसेज रोज सकाळी सहाला येतो, तो थांबवा आणि बिल पाठवा. २२,५०० चं क्रेडिट आहे ते, माझ्या आत नाही, तुमच्याकडे अडकलंय.